एका टाकीचं अंतर

दि. ९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गाडी आली! नवी कोरी, पांढरी पिकअप. पुढे चौघांची केबिन, मागे हौदा. जुनीने अठरा वर्षं नर्सरीची रोपं वाहिली, पण तिचा आवाज असा की मी चौकात वळलो की घरी कुकर चढायचा. हिचं इंजिन चालू आहे की बंद, हे कान देऊन ऐकावं लागतं. आमच्या हिने परवा गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, लग्नात मला इतकं निरखून पाहिलं नव्हतंत.

आणि ताई, एसी आहे. पन्नाशी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा मी भर दुपारी काचा वर करून गाडी चालवली. बाहेर सगळं भाजून निघत होतं आणि आत मी एकटा, गार, गप्प. रस्ता पाण्याखालून पाहावा तसा दिसत होता. एक वळण चुकलो आणि बराच वेळ चुकीच्या रस्त्यावर तसाच मजेत गेलो.

आता कामाचं. कंपनी म्हणते लिटरला चौदा किलोमीटर. कंपनीचं काय जातं म्हणायला! माझी पद्धत तुला ठाऊक आहे. टाकी गळ्यापर्यंत भरायची, फिरायचं, पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि भागायचं. रिकामी गाडी, एसी बंद: तेरा. माल भरून, एसी बंद: साडेअकरा. माल भरून एसी चालू: नऊ पूर्णांक आठ. एसी म्हणजे खादाड पाहुणा आहे, पण गोड बोलतो.

तर बेत असा. आईला तुझ्याकडे घेऊन यायचं, हौद्यात तिकडे मागवलेली रोपं न्यायची आणि परतताना तुझं जड सामान भरून आणायचं. आजारपणानंतर डॉक्टरांनी तिला ऊन वर्ज्यच केलंय. ऊन लागलं की रक्तदाब खाली जातो आणि अंधारी येते. पहाटे निघालं तरी निम्मा माळ उन्हातच, आणि रात्री माझे डोळे समोरच्या दिव्यांनी दिपतात. आता सबब संपली. फक्त एक मेख आहे. आपल्या गावाबाहेरचा पंप सोडला की तुझ्या हवामान केंद्रापर्यंत दोनशे साठ किलोमीटर डिझेलचा थेंब मिळत नाही, तिथेही नाही. जाऊन येऊन पाचशे वीस. टाकी पन्नास लिटरची. एसी लावला तर चारशे नव्वदला गाडी थांबणार. हे मी जेवताना म्हणालो तर आई पानातलं संपवून उठली. मागे दोन कॅन बांधले की झालं. पण तिला एवढे तपशील कशाला? आपल्याकडे आईला अर्धंच सांगायचं असतं.

कळावे. उन्हाने सगळं आटलं तरी लोभ आटू देऊ नये.

तुझा,
ढब्बू


दि. १७ एप्रिल

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

गाडीबद्दल अभिनंदन. तुझ्या हिचं म्हणणं मला पटलं. लग्नात तू फक्त जेवणाची पंगत निरखत होतास.

इथे सकाळी साडेपाचला मी फुगा सोडते. आठ वर्षं झाली, पण हातातून दोरी सुटते तेव्हा अजून मी दोन पावलं त्याच्यामागे जाते. तो वर जाता जाता तिथलं तापमान खाली कळवत राहतो. आज जमिनीवर सव्वीस, आणि अकरा किलोमीटरवर उणे एकोणपन्नास. म्हणजे थंडी आपल्यापासून फक्त अकरा किलोमीटर लांब आहे. तुझ्या रिकाम्या गाडीला एक लिटरसुद्धा लागणार नाही. दुपारी बेचाळीस अंशांत पत्र्याच्या ऑफिसात बसून मी याचाच विचार करत असते.

बेताचं मात्र मला खरं वाटत नाही. आठ वर्षांत आई एकदाही इथे आली नाही. हिवाळ्यात गुडघे, उन्हाळ्यात ऊन. मधल्या दिवसांत काय असतं ते मी कधी विचारलं नाही. मी इथे आले त्याच वर्षी बाबा गेले, तेव्हा मी दीड दिवस उशिरा पोचले. दारातून आत आले, तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाणी आणायला उठली. त्यावर आम्ही आजवर बोललेलो नाही. मी वर्षाकाठी चार दिवस येते तेव्हा ती माझ्या आवडीचं करून वाढते, आणि फोनवर हवापाणी विचारते. हवापाण्याचीच नोकरी असल्यामुळे मी तेही सविस्तर सांगते!

सप्टेंबरात हे केंद्र बंद होणार. पुढे यंत्रं आपली आपण मोजतील आणि मला बेटावर पाठवतील, बोटीने दोन दिवस. तिथे काही ती येत नाही. मला फार काही नको. मी कुठे राहिले ते तिने एकदा येऊन पाहावं, एवढंच वाटतं. म्हणून मी उगाच आस लावून बसायला भिते.

तूच ठरव. लोभाचं विचारू नकोस, तो आहेच.

तुझी,
ताई


दि. २ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आई येणार म्हणते! मी विचारायच्या आधी तीच म्हणाली. पण गाडीने दगा दिलाय.

झालं असं की सवय व्हावी म्हणून हल्ली मी रोपं पोचवायला जाताना आईला पुढे बसवून नेतो. तिलाही आवडतं. काचेला डोकं टेकून झाडं मोजत बसते, मध्येच डुलकी काढते. जाताना केबिन छान गार असते. मी कुठे रोपं उतरवायला खाली उतरलो आणि परत येऊन बसलो की वारा येतो, पण गारवा नाही. घर जवळ आलं की पुन्हा गार! एकटा असलो की तक्रार नाही. आई बरोबर असली की एसीच्या अंगात येतं. गॅरेजवाल्याकडे तीन खेपा झाल्या. त्याने गॅस तपासला, फिल्टर झटकला, आणि तिसऱ्या खेपेला गाडीऐवजी माझ्याकडे रोखून पाहिलं.

गंमत म्हणजे गाडी मायलेज झकास देते आहे. माल भरून, एसी चालू ठेवून अकरा पूर्णांक दोन! आधी नऊ पूर्णांक आठ होतं ना? मी चार वेळा भागाकार केला. शेजारचा म्हणतो इंजिन मोकळं झालं. असेल बाबा. पण गारवाच नसेल तर ते मायलेज काय चाटायचंय? बिघाड सापडल्याशिवाय आईला माळावर काढायचं धाडस होत नाही. ती बिचारी ओला रुमाल डोक्यावर ठेवून बसते, कुरकुर नाही की काही नाही. उलट रोज विचारते, आज जरा लांब जाऊ या का.

तुला यंत्रांतलं कळतं. काही सुचतं का पाहा. कळावे, मायेत कसर नसावी.

तुझा,
ढब्बू


दि. १० मे

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गाडीत काही बिघाड नाही. पंख्याच्या बटणाशेजारी बर्फाच्या फुलाचं चित्र असलेलं छोटं बटण आहे ना? केंद्राच्या गाडीतही तसंच आहे. ते दाबलं की पंखा चालू राहतो आणि फक्त गारवा बंद होतो. दिवा एवढासा, उन्हात दिसतही नाही. मायलेज वाढतं ते त्यामुळेच. तू उतरतोस तेव्हा गाडीत कोण असतं, याचा विचार कर. काखेत कळसा आणि तू गॅरेजला वळसा घालतोयस.

ढब्बू, मला रडू आलं. तोंडाने येते म्हणायचं आणि गाडी नादुरुस्त आहे असं तुझ्याकडूनच वदवून घ्यायचं. गुडघे झाले, ऊन झालं, आता हे. दीड दिवसाची शिक्षा किती वर्षं असते? ती रागावून बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. फोनवर मला इतकंच कळलं होतं की बाबांना जरा बरं नाही, सवडीने ये. मी सवडीने आले. हे मी तिला किती वेळा मनातल्या मनात सांगितलंय.

तिला आणू नकोस. विचारूही नकोस. सामानासाठी मी इथूनच एखादा टेम्पो बघते.

आज फुगा सोडला आणि बराच वेळ तशीच वर बघत राहिले. नोंद करायला उशीर झाला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

तुझी,
ताई


दि. १८ मे

चि. मोठीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र ढब्बूने मला वाचून दाखवलं. मध्येच थांबला आणि एकदम हवेबद्दल वाचायला लागला. मी म्हटलं, आण इकडे. चष्मा लावून सगळं वाचलं, आणि आता मीच लिहिते आहे. अक्षर हलतं, गोड मानून घे.

बटण मी बंद करत होते. तो जेवताना म्हणाला की एसी लावला तर एका टाकीत जाऊन येणं होत नाही. मला वाटलं, झालं, माझ्यामुळे पुन्हा राहिलं. मग मी ठरवलं की एसीशिवाय बसायची सवय करायची. पहिल्या दिवशी दहा मिनिटं बसले, डोळ्यापुढे काजवे आले. मग वीस. रुमाल ओला केला, पाण्यात मीठसाखर घातली. गेल्या आठवड्यात पाऊण तास बसले आणि काही झालं नाही. ढब्बूला सांगितलं असतं तर त्याने बसू दिलं नसतं. कॅन नेणार आहे हे त्याने तुला लिहिलं, गॅरेजवाल्याला सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं. मला कोणी सांगितलं नाही. काल चांगली कानउघाडणी केली त्याची. मग त्याने माझी केली.

आता दुसरं. सवडीने ये, हा निरोप माझा होता. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं की हे आजचा दिवस काढतील की नाही सांगता येत नाही. ढब्बू तुला खरं सांगायला निघाला होता. मी त्याचा हात धरला. मला दिसत होतं, तू एकटी त्या माळावर गाडी पळवते आहेस, डोळ्यांत पाणी आहे आणि समोरचं नीट दिसत नाही. एक माणूस जात होतं, दुसरं जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून अर्धंच सांगायला लावलं. ते दुपारी तुझी आठवण काढत होते.

तू दारात आलीस तेव्हा तुझ्याकडे बघवेना, म्हणून मी पाण्याला उठले. तुझ्या घरी आले तर तू विचारशील आणि मला सांगावं लागेल, म्हणून गुडघे दुखत होते. राग तुझ्यावर कधीच नव्हता, मोठे. तोंड दाखवायची लाज माझी होती.

मी येते. तू नको म्हटलंस तरी येते. बेटावर जायच्या आधी यायलाच हवं. तब्येत सांभाळ, आणि आईवर आहे तेवढी माया असू दे, वाढव असं म्हणायला आता तोंड नाही.

आई


दि. ६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझं कपाट, गादी आणि पुस्तकांची खोकी माडीवर लावली. आईशिवाय घर मोठं वाटतं. हिने काल चुकून तिचंही पान वाढलं.

गाडीने पांग फेडले. जाताना बाहेर त्रेचाळीस आणि आत आई शाल मागत होती! निम्म्या माळावर मी तिला विचारलं, झोपलीस का. ती म्हणाली, नाही, बघते आहे, मोठी दर वेळी एकटी कशी गेली असेल. समोर रस्ता वितळल्यासारखा हलत होता आणि गाडी चालते आहे की उभी, तेच कळत नव्हतं.

एक कोडं मात्र राहिलंय. परतताना एकटा होतो, तरी मोजणी बिघडायला नको म्हणून एसी सबंध वाट चालू ठेवला. पाचशे वीस किलोमीटरला त्रेपन्न लिटर लागायला हवेत. पंपावर गळ्यापर्यंत भरली, कॅन धरले, तर छप्पन्न लागले. तीन लिटर कुठे गेले? गळती नाही, खाली वाकून पाहिलं. आई तर बटण बंद करणारी, चालू करणारी नव्हे. तुला काही सुचतं का?

लोभ आहे तो दोन्हीकडून वाढावा.

तुझा,
ढब्बू


दि. १३ जून

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

तुझे तीन लिटर माझ्या दारात गेले.

तू पोचल्या पोचल्या माझ्या खाटेवर आडवा झालास आणि घोरायला लागलास. आई उतरेना. तिने आतूनच दुसरीकडचं दार उघडून दिलं, आणि मी तुझ्या जागेवर जाऊन बसले. किल्ली तशीच होती. इंजिन चालू केलं, एसी लावला. पहिली पाच मिनिटं आम्ही दोघी समोरच्या कुंपणाकडे बघत बसलो. मग तिने सुरुवात केली. पत्रात लिहिलं होतं तेच, पण सगळं. त्या दिवसाची सकाळ, डॉक्टर काय म्हणाले, बाबांनी काय खाल्लं, कुणाचा हात धरला, माझं नाव कसं घेतलं. आठ वर्षं जे मला कोणी सांगितलं नव्हतं ते तिने एकेक करून सांगितलं. काही गाळलं नाही. मध्ये मी रडले, मध्ये ती. एकदा आम्ही हसलोसुद्धा, कारण बाबा त्या दिवशीही तुझ्या जुन्या गाडीच्या आवाजाला शिव्या देत होते.

मग माझी पाळी आली. मी वाटेत कुठे थांबले, चहा प्यायले, हवा भरून घेतली, सवडीने आले म्हणजे नक्की कशी आले, ते मीही सांगून टाकलं. त्या चहाचं मी कुणाजवळ बोलले नव्हते. ती ऐकत होती. माझा हात तिने हातात घेऊन ठेवला होता. बाहेर दुपार होती आणि आत इतकं गार, इतकं शांत होतं की मला वाटलं आपण वर कुठेतरी आहोत.

तीन तास गेले असतील, म्हणजे तासाला लिटर. माझं म्हणणं आहे की गाडीने फार छान मायलेज दिलं.

आई मजेत आहे. पहाटे माझ्याबरोबर उठते आणि फुग्याची दोरी तीच धरते. आता सोड, असं मलाच तिला म्हणावं लागतं. तिला न्यायला घाईने येऊ नकोस, ती आणखी महिनाभर राहते म्हणते, आणि ही बातमी अर्धी नाही, पूर्ण आहे.

त्या दिवशी शेवटी तिने पदराने तोंड पुसलं, माझंही पुसलं, लहानपणी पुसायची तसं जोरात, आणि म्हणाली, चल, आता मला तुझं घर दाखव.

तुझी,
ताई