पाकिटावरचं नाव

२ फेब्रुवारी

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘हं’च्या पलीकडे जात नाही, म्हणून पत्राने कळवते. मला नोकरी लागली. शेल गॅसच्या कंपनीत, भूगर्भ सल्लागार म्हणून. मुलगी शिकून काय दगड फोडणार, असं विचारणाऱ्या आत्याला मुद्दाम सांगा की हो, तेच. जमिनीत खूप खोल पापुद्र्यांचा खडक असतो, त्यात वायू अडकलेला असतो. पाणी, वाळू आणि रसायनं जोराच्या दाबाने आत घालून तो खडक तडकवायचा आणि वायू वर काढायचा, असा हा धंदा आहे.

मुलाखत मजेशीर झाली. खडकाबद्दल एकच प्रश्न, बाकी सगळी घरची चौकशी. तुमचं नाव निघालं आणि लगेच चहा आला. माणसं फार आपुलकीची वाटली. मला काचेची केबिन दिली आहे, फिरती खुर्ची आहे. कामावर फिरायला जाड बूट मागितले, तर मापही लिहून घेतलं.

तुमच्या गावाखाली खोदायचा आमचाच अर्ज तुमच्या खाणसमितीपुढे आहे, आणि अध्यक्ष म्हणून तुम्ही अनुकूल आहात, असं इथे कळलं. मग मला चिंता नाही. तुम्ही तर साधी वांगीसुद्धा देठ दाबून पाहिल्याशिवाय घेत नाही.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो बहुमताने वाढवावा.

तुमची,
दगडोबा

१० फेब्रुवारी

चि. दगडोबास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र सकाळच्या बैठकीत वाचलं गेलं आणि टाळ्या पडल्या. डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी माझं वाचन बंद केलंय, त्यामुळे आलेली सगळी पत्रं आपला ड्रायव्हर दिवाणखान्यात मोठ्याने वाचतो. भेटायला आलेली माणसंही ऐकतात. माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय? हे पत्रही त्यानेच लिहून घेतलंय. अक्षर त्याचं, अक्कल माझी.

तळ्याकाठी नवे बाक बसवले, त्यांवर माझं नाव घातलं. बसथांब्यावर आणि पाण्याच्या टाकीवर होतंच. तुझी मामी म्हणते, इतक्या ठिकाणी ज्याचं नाव असतं तो माणूस एक तर पुढारी असतो, नाहीतर हरवलेला.

अर्जाचं म्हणशील तर मी सही करायच्या बेतात आहे. मी मूळचा दातांचा डॉक्टर. तडकलेला दात मला कळतो, तडकलेला खडक कुठून कळणार? विहिरींचं पाणी बिघडेल म्हणून काही जण कुरकुरतात. त्यांना मी सांगतो, माझी भाची तिथे सल्लागार आहे, खुशाल झोपा. घरचं माणूस आत असलं की बरं असतं.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आईला पत्र टाक, ती माझ्यावर चिडते.

तुझा,
मामा

३ मार्च

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

पाकिटावर ‘खाजगी’ लिहिलं आहे. हे पत्र बैठकीत वाचू देऊ नका.

बूट अजून आलेले नाहीत. दगड म्हणाल तर टेबलावरचा पेपरवेट तेवढा पाहिला, आणि तोही काचेचा निघाला. दर सोमवारी मोठे साहेब बोलावतात, तुमच्या गुडघ्याची आणि डोळ्याची चौकशी करतात आणि पाठवून देतात. मला वाटायचं, किती मायाळू माणूस.

परवा चहाच्या वेळी शेजारच्या केबिनमधल्या खोदकाम सल्लागारांशी बोलणं झालं. ते तुमच्या समितीतल्या एका सदस्याचे जावई. खोदकाम त्यांनी कधी केलेलं नाही, बासरी मात्र सुरेख वाजवतात. त्यांच्या पलीकडे एका मंत्र्यांची मेहुणी बसते. आमचा सगळा मजला असाच सोयरिकीचा आहे, मामा. लग्नाचा मांडव तेवढा घालायचा राहिलाय.

मी साहेबांना सरळ विचारलं की माझं काम काय. ते म्हणाले, तुम्ही ते उत्तम करताय. कुठलं, असं विचारलं तर म्हणाले, मामांची भाची असण्याचं. मग गावच्या विहिरींचं पाणी कुणी तपासलंय का, तेही विचारलं. नाही तपासलेलं. अध्यक्षच अनुकूल आहेत, तर तपासायचं कशाला, असं उत्तर मिळालं.

म्हणजे मी तुमच्या भरवशावर, तुम्ही माझ्या भरवशावर, आणि खडकाकडे बघितलंय कुणी? मला खूप रडू आलं. सही केली नसेल तर थांबा. मामींच्या विहिरीचं पाणी आहे ते.

रागावू नका. एवढा लोभ तरी ठेवा.

तुमची,
दगडोबा

८ मार्च

चि. दगडोबास,
अनेक आशीर्वाद आणि एक दिलगिरी.

पाकिटावरचं ‘खाजगी’ ड्रायव्हरने आधी खणखणीत आवाजात वाचलं, मग उरलेलं सगळं. मी थांबवायला हवं होतं, पण कवळी घासायला दिली होती आणि चारचौघांत बोळकं कसं उघडणार? दोन्ही हात हलवून खुणा केल्या. त्याला वाटलं, आवाज वाढव म्हणतोय. त्याने वाढवला.

पुढची गंमत ऐक. समोरच्या कोचावर फळांची टोपली घेऊन तुझे मोठे साहेबच बसले होते, सहीची आठवण करायला आलेले. ‘मामांची भाची असण्याचं’ हे वाक्य आलं तशी नळाची तक्रार घेऊन आलेली एक बाई फिस्सकन हसली, मग अख्खी बैठक. साहेब चपला शोधू लागले. घाईत ते माझ्याच घालून गेले.

हसू ओसरल्यावर एका निवृत्त मास्तरांनी शांतपणे विचारलं की, मग डॉक्टर, तुम्ही काय पाहून अनुकूल झाला होतात? तेवढ्यात मामीने कवळी आणून दिली. ती बसवली आणि कबूल केलं, काहीच नाही. पोरी, मला फार लाज वाटली. वांग्याइतकीसुद्धा तपासणी मी केली नव्हती.

काल समितीत सांगून टाकलं की माझी भाची त्या कंपनीत आहे, सबब मी या अर्जातून बाजूला होतो. मास्तरांचाच प्रश्न तिथे सगळ्यांना विचारला. बासरीवाल्याच्या सासऱ्यांचं तोंड उतरलं. आधी विहिरी तपासा, मग बोलू, असं ठरलं.

तुझी नोकरी मात्र माझ्या दिवाणखान्याने घालवली. काळजी करू नकोस. पाणीखात्यात एक शब्द टाकतो, सोमवारपासून रुजू हो.

तुझा,
मामा

२१ मार्च

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

नोकरी गेली, ती बासरीच्या सुरांत गेली. शेजाऱ्यांनी निरोपाला वाजवली. त्यांनाही फार दिवस तिथे राहता येईल असं दिसत नाही.

मामा, पाया पडते, पण शब्द टाकू नका. एकाही खात्यात नको. तुमच्या एका शब्दावर लागलेल्या नोकरीत मी परत तेच काम करेन, भाची असण्याचं.

मी बोअरवेल खणणाऱ्याकडे लागले आहे. पत्र्याची शेड, दारात मशीन, सगळीकडे चिखल. मालकाने नाव-गाव विचारायच्या आधी एक दगड हातात दिला आणि खाली पाणी लागेल का विचारलं. मी फोडून पाहिला आणि नाही म्हणाले. तो म्हणाला, उद्या ये. बूटही मिळाले. एक माप मोठे आहेत, दोन मोजे घालते.

तुम्ही कोण, हे इथे कुणाला ठाऊक नाही. माझी पत्रं आता शेडवर येणार आणि तुमच्या पाकिटावर तुमचं नाव हुद्द्यासकट ठळक छापलेलं असतं. ते नको. काही दिवस मला कुणाचीच भाची न होता राहून बघायचंय. राग नाही हो, तुमची फार आठवण येते.

लोभ असू द्या, पण बिननावाचा.

तुमची,
दगडोबा

२ एप्रिल

चि. दगडोबास,
आशीर्वाद.

डोळ्यावरची बंदी सुटली. हे अक्षर माझंच आहे, म्हणून वाकडं. ड्रायव्हरला बाहेर बसवलंय, तो रुसलाय.

विहिरींचे नमुने गेलेत. मास्तर स्वतः बाटल्या धरून उभे होते. निकाल येईल तेव्हा येईल. मी त्यातलं काही विचारणार नाही, असं सांगून आलोय, आणि न विचारता राहणं गुडघ्यापेक्षा जास्त दुखतं.

शब्द टाकला नाही. दोनदा फोन उचलला, दोन्ही वेळा मामीने खाली ठेवायला लावला. मोज्यांचा एक जाड जोड पाठवतोय. तो मामीने दिलाय, त्यात माझा हात नाही.

पाकीट कोरं आहे. सवयीने आधी दोन पाकिटांवर नाव लिहून बसलो, ती फाडली. इतकी वर्षं जिथे तिथे नाव घालत आलो, पण ते न घालण्याला एवढी मेहनत पडते, हे आज कळलं. मालकाने विचारलं तर खुशाल सांग, ओळखीचे एक म्हातारे गृहस्थ आहेत, अधूनमधून लिहितात.

मला तुझा अभिमान वाटतो. हे बैठकीत वाचून दाखवता येत नाही, याचंच काय ते वाईट वाटतं.

तुझ्या आईचा भाऊ