पान न उलटता

७ मार्च १९९९, रविवार
उपासनेनंतर मेव्हणा सुदर्शन, शीलाचा भाऊ, चहाला आला. दिवाळीपासूनचा वाद पुढे. मसीहा आला की आंधळ्यांना दिसेल, हे भाकीत मी शब्दशः घेतो. तो म्हणतो, ते मनाचे डोळे. प्रायमरी शिकवून त्याचं डोकंही प्रायमरी झालंय. मी रिटायर्ड हेडक्लार्क. लिहिलंय ते लिहिलंय.
शीलाने चहा कपाबाहेर ओतला. सुदर्शन पुन्हा म्हणाला, ताईला पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ. म्हणजे मी हरलो असं कबूल करू? डाव ओळखतो मी.

१५ मार्च
शीला उंबऱ्याला अडखळली. उंबराच उंच आहे. गवंड्याला सांगायचं.

२१ मार्च, रविवार
उभा राहून जाहीर केलं, ईस्टरला त्याच भाकिताचा शास्त्रपाठ शीला वाचेल. सगळे आमेन म्हणाले, सुदर्शन सोडून. घरी शीला बायबल मांडीवर घेऊन बसली. विश्वास असला की माणूस शांत होतो.

३० मार्च
शेजारच्या केशरबाईकडून शीला तो अध्याय रोज वाचून घेते. बायकांना तयारीची भारी हौस.

४ एप्रिल, ईस्टर
वाचला. एक अक्षर चुकली नाही. अध्याय पानाच्या मागच्या बाजूला जातो, हिने पान न उलटताच वाचला. नजर एवढी तेज झालीय.
सुदर्शनला म्हटलं, बोल आता. त्याचे डोळे भरले होते. हार लई बोचते.

२ मे
शीलाचा हात स्टोव्हवर भाजला.

३ मे
सुदर्शनने मला न विचारता तिला पुण्याच्या एसटीत बसवलं. मीही गेलो. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. दिवाळीत आणलं असतं तर होती तेवढी राहिली असती.
परत येताना पेठ गावाच्या आसपास सुदर्शनला म्हटलं, तुझाच अर्थ बरोबर, मनाचेच डोळे. तो खिडकीबाहेर बघत राहिला. जिंकलेला माणूस असा वागतो का?

९ मे, रविवार
सुदर्शन चहाला आला नाही.
शीलाला विचारलं, दिसत नव्हतं तर पाठ करून कशाला म्हणालीस. म्हणाली, तुमी समद्यांसमोर बोलून बसला व्हता. लोक तुमास्नी हसले असते तर मला आयकवलं नसतं. हे ऐकून मला फार रडू आलं.
दुपारी उंबरा काढायला गवंडी आला. शीला आतून म्हणाली, ऱ्हाऊ द्या, आता त्योबी पाठ झालाय.
गवंड्याला परत पाठवलं.