चिखलातून निघालेली परकी होडी

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या सिउ-पाँगचा नमस्कार. पिनांगमध्ये तुमचे गुडघे, रक्तदाब आणि सूनबाईंशी चाललेलं शीतयुद्ध सगळं आटोक्यात असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सुखरूप आहोत. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

अकरा वर्षांपूर्वी नागहोड्यांच्या सणाच्या दिवशी नदीत डुबकी मारल्यावर तुमच्या अंगावर चट्टे उठले, आणि 'खाज न सुटता या पाण्यात डुबकी मारता येईल तेव्हाच होडीत ढोल वाजवीन' असं सांगून तुम्ही तडक मुलाकडे निघून गेलात. तेव्हापासून, लाकूड टिकावं म्हणून दर सणानंतर काठच्या चिखलात पुरतो ती आपली होडी पुरलेली ती पुरलेलीच. यंदा वरचा रंगाचा कारखाना बंद झाला (नदी आता दर आठवड्याला रंग बदलत नाही), तेव्हा पंचमंडळींनी सण पुन्हा करायचं ठरवलं. चौथ्या महिन्याच्या अष्टमीला आम्ही फावडी घेऊन उतरलो. तुमच्या खुणेचं लिचीचं झाड वादळात पडलेलं, पण 'मला जागा तोंडपाठ आहे' असं मी छाती ठोकून सांगितलं. चार तास उपसलं. चिखलाला पूर्वीसारखी दुर्गंधी नव्हती, दादा, उलट त्यात खेकडे होते, आणि एकानं माझा अंगठा धरला तेव्हा मी रागावायचं सोडून हसलो. होडी वर आली, फटाके उडाले, भाजलेलं डुक्कर वाढलं गेलं. मग होडीच्या टोकाला बसवायचं आपल्या नागाचं मुंडकं देवळातून आणलं, तर ते दोन बोटं जास्त रुंद! बसेचना. सुताराला बोलावून मुंडकं तासायचं ठरत होतं, तेवढ्यात कोणीतरी होडीची कड पुसली. तिच्यावर पलीकडच्या, आपण भाऊ मानलेल्या गावाचं नाव कोरलेलं होतं.

आता वर काढलेली होडी पाण्याला न लावता परत पुरायची नाही हे तुम्हाला मी काय सांगणार. तेव्हा पाचव्या महिन्याच्या पंचमीला, सणाच्या दिवशी, तीस जण माना खाली घालून तीच होडी वल्हवत त्यांच्या घाटावर गेलो. त्यांना वाटलं भेटीला आलो, त्यांनी फटाके लावले. मग त्यांचे म्हातारे कोक आजोबा डोळे बारीक करून म्हणाले, "काय रे, दरवर्षी भेटीला मिठाई आणायचात, यंदा आमच्याच पणजोबांची होडी आणलीत? आणि मिठाई कुठाय?" सगळा घाट हसला. आम्हाला पोटभर जेवू घातलं आणि परतताना होडीही आमच्याबरोबर दिली, सणापुरती. नदी अजून निर्मळ नाही, खोटं कशाला बोलू. पुलाखालच्या नाल्यातून फेस येतो, प्लास्टिकच्या पिशव्या वल्ह्यांना गुंडाळतात. पण काठावर बायका सणाचं शुभ म्हणून पोरांच्या डोक्यावर नदीचंच पाणी ओतत होत्या, नळाचं नव्हे. ते बघून मला भरून आलं, आणि त्या गडबडीत ढोल वाजवता वाजवता माझा तोल गेला. दोन्ही गावांच्या देखत पाण्यात. तुमचे आशीर्वाद असावेत.

धाकटा,
सिउ-पाँग

ता.क. सुक-यिन म्हणते, थोरल्या दिरांना तरी खरं लिहा. म्हणून लिहितो. तोल वगैरे काही गेला नव्हता. मी उडी मारली. डोकं बुडवून, चांगले दहा आकडे मोजेपर्यंत.

ता.ता.क. पत्र सहा तारखेलाच लिहून ठेवलं होतं, आज वीस आहे. मुद्दामच थांबलो होतो. सुक-यिन रोज सकाळी चष्मा लावून माझी पाठ तपासते. डासाच्या दोन गाठी सोडून काही नाही.

आणखी एक. आपली होडी अजून चिखलातच आहे, आणि ती कुठे आहे हे तुमच्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. नकाशा काढून पाठवू नका, काठ बदलला आहे. येऊन बोटानं दाखवा.