औषध धाकटीला

रविवार, २० जुलै

धाकटीला! औषध धाकटीला!

सकाळी चहा पिता पिता आईंनी सांगून टाकलं. दुपारी भाजी कुठली करायची ते सांगावं, तसं. गुरुवारी दिव्याची अवस, त्या दिवशी मानसीला घेऊन जाणार आणि झाड दाखवणार. म्हणजे यापुढे या घरचं काविळीचं औषध माझी धाकटी जाऊ, मानसीच देणार. झाड एकालाच दाखवायचं असतं. दाखवलं की दाखवणाऱ्याचा हातगुण जातो, म्हणून सासूबाईंनी आजवर कुणालाच दाखवलं नाही. मला वाटायचं, माझ्यासाठी राखून ठेवलंय.

थोरली मी. लग्न होऊन चारकोपच्या या घरात आले तेव्हापासून दर रविवार-बुधवारी सकाळी दाराशी पिवळ्या डोळ्यांची माणसं. त्यांना बसवायचं मी. फोन घ्यायचे मी. पाटा-वरवंटा धुवायचा मी. तेल नको, तिखट नको, दारू तर नावालाही नको, डॉक्टरच्या गोळ्या बंद करू नका — हे पथ्यपाणी घसा सुकेपर्यंत सांगायचं मीच. आई पाला मुठीत चुरगळूनच आणतात, पान कुणाला ओळखू येऊ नये म्हणून. मी एकदाही विचारलं नाही. वेळ आली की सांगतील म्हणून गप्प राहिले.

आणि मानसी? तिला पाट्यावर चटणीसुद्धा वाटता येत नाही.

मी नुसतं 'बरं' म्हटलं.

सोमवार, २१ जुलै

नवऱ्याला, चंद्रप्रकाशला सांगितलं. म्हणतो, सुटलीस की! सुट्टीच्या दिवशी लोकांची कटकट कशाला हवी तुला?

याला काय सांगायचं? मालाडच्या लॅबमध्ये दिवसभर काउंटरवर बसते मी. काचेखालून रिपोर्ट सरकवते. काविळीचे, बिलिरुबिनचे आकडे मला पाठ, पण रिपोर्ट घेणाऱ्याला माझा चेहरा पाठ नाही. तीच माणसं घरी येऊन आईंच्या पाया पडतात. बरी झाली की नारळ घेऊन येतात. पैसे आई घेत नाहीत, घ्यायचे नसतातच. पण तो नारळ देताना लोक ज्या नजरेने बघतात ना — मला ती हवी होती. लिहायला लाज वाटतेय, पण हवी होती.

बुधवार, २३ जुलै

भांडुपहून भीमराज आले होते, पुतणीला घेऊन. दोन वर्षांपूर्वी स्वतःसाठी आले होते ते. आईंचे हात थरथरताना पाहून मला म्हणाले, "काकींच्या मागे तुम्हीच ना, ताई?"

नाही म्हटलं. धाकटी.

धाकटी उशिरा वरून उतरली. आईंनी तिला जवळ बसवून घेतलं, "मनू, बघ गो" म्हणून. मला कधी 'सुलू' नाही म्हटलं त्यांनी, कायम सुलक्षणा. आणि मनूबाईंचं तोंड कसं, तर कुणी शिक्षा केल्यासारखं! मिळतंय ते तरी हसून घ्यावं माणसाने. नखरे नुसते.

गुरुवार, २४ जुलै

दिवे मी घासले. कणकेचे गोड दिवे मी उकडले. झाड बघायला ती गेली.

गच्चीवरून बघत होते मी. दोघी इंडस्ट्रियल इस्टेटच्या बाजूला वळल्या. आईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. पुढचं दिसलं नाही.

परत आल्या तेव्हा मानसीचे डोळे लाल. रडली होती! आनंदाने असेल. मलाही आलं असतं रडू. सरळ वर निघून गेली, माझे दिवे तिने चाखलेसुद्धा नाहीत.

रविवार, २७ जुलै

मानसीचा पहिला दिवस. तीन माणसं होती. पाला आता ती आणते, मुठीत चुरगळून, अगदी आईंसारखा. पदर नाही, तर कुर्त्याच्या ओढणीत झाकून! वाटायला मात्र मीच.

मोरीच्या जाळीत एक काडी अडकलेली सापडली. बारीक पानं, पानांच्या खाली ओळीने चिमुकली गोल फळं. फोनवर फोटो काढून शोधलं. भुईआवळा! समोरच्यांच्या तुळशीच्या कुंडीत तणासारखा उगवतो, ते उपटून टाकतात. आयुर्वेदिक दुकानात गोळ्या मिळतात त्याच्या. आईंनी इतकी वर्षं जपलं ते हे!

खूप हसू येईल असं वाटलं. आलं नाही. उलट जास्तच लागलं. नाव कळून माझं काही भागलं नाही. नाव मला दहा वर्षांपूर्वीही शोधता आलं असतं. मला ते आईंनी द्यायला हवं होतं.

काडी फेकून दिली.

मंगळवार, २९ जुलै

नागपंचमी. आज चिरायचं नाही, कापायचं नाही. बरंच आहे!

रविवार, ३ ऑगस्ट

आज तोल गेला माझा.

एका बाईला पथ्य सांगायचंच विसरली मानसी. सगळ्यांसमोर मी म्हटलं, एवढं तरी नीट कर. ती म्हणाली, तुम्हीच सांगा ना ताई, तुम्हाला छान येतं. म्हणजे राबायला मी आणि हात हिचा! माणसं गेल्यावर स्वयंपाकघरात मी तिला म्हटलं, "तुला काय गं, ना पोर ना बाळ. रिकामीच तर असतेस."

ती नोकरी करते. रिकामी नसते. आणि त्या दोघांनी काय काय केलंय ते मला माहीत आहे. बोरिवलीच्या दवाखान्यात तीन वेळा आयव्हीएफ करून झालं, तिन्ही वेळा फुकट. मागच्या वेळी तर मीच सोबत होते तिच्या. तरीही बोलले.

मानसीने ओट्यावरचं फडकं पिळून वाळत घातलं. म्हणाली, "हो ना, ताई. म्हणूनच तर."

कशाचं म्हणूनच? कळलं नाही. दिवसभर डोक्यात तेच.

बुधवार, ६ ऑगस्ट

लॅबमधून आल्यावर आईंना धरलंच. स्पष्ट विचारलं, माझ्यात काय कमी होतं?

त्यांनी सांगितलं.

चंद्रप्रकाशच्या आधी त्यांना एक मुलगी होती, हे मला ठाऊक होतं. कशाने गेली, ते या घरात कुणी बोलत नाही. कावीळ झाली होती तिला. सासरे तेव्हा मिलमध्ये होते, बिऱ्हाड लालबागच्या चाळीत. आई नव्या नवरी असताना त्यांच्या सासूने त्यांच्या हातात औषध दिलं, पण त्याची एक अट सांगितली नाही. औषध देणाऱ्याच्या पोटच्या पोराला त्याचा गुण येत नाही. लेक आजारी पडल्यावर आई रोज तिला तेच पाजत राहिल्या. हॉस्पिटलात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

"माझ्या हातान अख्खी चाळ बरी झाली," आई म्हणाल्या. "माझां चेडू तेवढां नाय ऱ्हवलां. तुका तेजल आसा. मानसीक कोण आसा?"

खरं सांगते, पहिल्यांदा आनंदच झाला. म्हणजे मी नावडती नव्हते! माझ्या लेकीचा, तेजलचा विचार केला त्यांनी. कॉलेजला जाते ती आता, बाहेरची पाणीपुरी खाते, तिला काही झालं तर माझ्या हातातलं औषध तिच्या आड येऊ नये म्हणून. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या.

मग भात लावताना तिचं ते 'म्हणूनच तर' आठवलं.

आईंनी तिला सांगूनच दिलं होतं. त्यांच्या सासूने जी चूक केली ती त्यांना करायची नव्हती. तिकडे इस्टेटच्या भिंतीशी उभं करून, खांद्यावर हात ठेवून, प्रेमाने. तुला आता मूल होणार नाही तेव्हा तू घे — वेगळ्या शब्दांत असेल, पण हेच. नऊ वर्षं लग्नाला. दवाखान्यातल्या डॉक्टरनेसुद्धा असं तोंडावर नाही म्हटलं तिला. आणि मी इथे बसून लिहिलंय, आनंदाने रडली असेल!

असल्या अटींवर माझा विश्वास नाही. लॅबमध्ये बसते मी. पण मुलगी गेलेल्या बाईला हे सांगणार कोण? आणि खरं म्हणजे, तेजलचं नाव घेतल्यावर माझीही छाती धडधडलीच.

शनिवार, ९ ऑगस्ट

माफी मागायला वर गेले होते. नारळीभात देऊन आले. वाटीवरचं झाकण काढून तिने वास घेतला, लवंग छान लागलीय म्हणाली. मी म्हटलं, गूळ जरा जास्त झाला. तिचा नवरा प्रीतम मामेबहिणीकडे राखी बांधून घ्यायला निघाला होता, त्याला हातरुमाल सापडत नव्हता. तेवढ्यात जिना उतरून आले.

रविवार, १० ऑगस्ट

मानसी रिकाम्या हातांनी खाली आली. दाराशी दोन माणसं बसली होती. म्हणाली, "आई, मी देणार नाही. पुढच्या महिन्यात आम्ही परत करून बघतोय."

आई माझ्याकडे वळल्या. "सुलू," म्हणाल्या, "तू घेशीत?"

मी म्हटलं, "मलाही नको."