चावऱ्या जिन्याची तक्रार

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (मी रागात आहे, पण नमस्कार साष्टांगच आहे. आईने लावलेलं वळण रागापायी मोडणार नाही.) भाऊजींचा खोकला कसा आहे? आणि तुझा गुडघा? गुडघ्याचं मुद्दाम विचारतोय, कारण नऊ दिवसांपूर्वी तुझी भावजय 'ताईंचा गुडघा धरलाय, मदतीला जाते' असं सांगून तुझ्याकडे आली, आणि त्याच्या आदल्याच दिवशी तू मला फोनवर सांगितलं होतंस की दोन मजले चढून गच्चीवर गाद्या वाळत घातल्या. असो. मला सगळं कळतं. ती तुझ्याकडे का आली आणि परत कधी येणार, याविषयी हे पत्र नाही. माणसाला काही स्वाभिमान असतो. फोनच केला असता, पण हल्ली तुझ्याकडचा फोन तीच उचलते आणि माझा आवाज ऐकला की 'ताई, तुमच्यासाठी' एवढंच म्हणून बाजूला ठेवून देते. मग तो बाजूला ठेवलेला फोन मी दहा-दहा मिनिटं ऐकत बसतो. तुमच्या कुकरच्या शिट्ट्या मला पाठ झाल्या आहेत.

हे पत्र आहे ते तुझ्या कन्यारत्नाची तक्रार करण्यासाठी. आमच्या वर्कशॉपमध्ये प्लाझ्मा कटिंगचं मशीन आलं हे तुला माहीत आहेच. (तुला कळेल असं सांगायचं तर वीज आणि दाबाची हवा एकत्र करून त्यातून असा झोत निघतो की बोटभर जाड पत्रा सुरीने साबण कापावा तसा कापला जातो. गेटं, ग्रिलं, टाक्या, सगळ्यांची कटाई आता घरच्या घरी.) तू म्हणालीस, माझी लेक हीच मशीनं बसवत गावोगाव फिरते, तिला रजा आहे, पाठवते. मी म्हटलं पाठव, मामाचं घर बघेल, चार दिवस आराम करेल. मला काय ठाऊक, तू भाची नव्हे, फौजदार पाठवते आहेस!

ती यायच्या आधी मी सगळी तयारी स्वतः करून ठेवली होती, हे आधी नमूद करतो. मशीनला सगळ्यात चांगली जागा दिली होती: जिन्याखालचा कोपरा. पाठ भिंतीला घट्ट टेकवलेली, म्हणजे धक्का लागायला नको. धूळ बसू नये म्हणून पुढे पडदा, तुझ्या भावजयीच्या जुन्या साडीचा. वरच्या फळीवर रंगाचे आणि थिनरचे डबे, ओळीने, लेबलं बाहेरच्या बाजूला करून. (नीटनेटकेपणा हा दोष असतो हे मला या वयात कळलं.) वीज घेतली होती ती वरच्या स्वयंपाकघरातून, फ्रिजच्या बोर्डावरून, खिडकीतून वायर सोडून. आणि पहिला कट बघायला शेजारचे प्रेसवाले, समोरचे हार्डवेअरवाले आणि माझ्यासाठी खास टेरिलीनचा चकचकीत शर्ट शिवून देणारे शिंपी, अशा तिघांना खुर्च्या मांडून बसवलं होतं. तुझी लेक खांद्यावरची बॅगही खाली न ठेवता दारात उभी राहिली. एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं. मामा कसे आहात नाही, मामी कुठे आहे नाही. पहिलं वाक्य काय, तर 'मामा, बटणाला हात लावू नका, आणि आधी तो शर्ट काढा.'

पाहुण्यांसमोर, ताई! ठिणगी पडली तर असलं कापड पेटत नाही, वितळून अंगाला चिकटतं, म्हणे. असेलही. पण शिंपी तिथेच बसले होते. ते गेले ते अजून माझ्याकडे बघत नाहीत, आणि माझी पँट त्यांच्याकडेच अडकली आहे. मी गंजिफ्रॉकवर उभा, आणि तुझं कन्यारत्न पाहुण्यांना हात जोडून सांगतंय की कार्यक्रम आठ दिवस पुढे ढकलला आहे. प्रेसवाल्यांनी विचारलं, मशीन बिघडलं का? तर म्हणते, मशीन ठीक आहे, बाकीचं बिघडलेलं आहे. बाकीचं म्हणजे काय, तर मीच ना?

पुढचे दिवस मी माझ्याच वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली. मशीन भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, कारण त्याच्या पाठीमागे पंखे असतात आणि त्याला श्वास घ्यावा लागतो. (मला श्वास घ्यायला कुणी जागा दिली नाही.) पडदा गेला. रंग-थिनर मागच्या शेडमध्ये गेले. इलेक्ट्रिशियन आला, त्याने मेन बोर्डावरून वेगळी जाड लाइन ओढली, वेगळा स्विच लावला, अंगणात खड्डा खणून अर्थिंग केलं. इतकी वर्षं आमचं अर्थिंग नळाच्या पाइपला होतं आणि नळाने कधी तक्रार केली नव्हती. मग तिने कॉम्प्रेसरकडे मोर्चा वळवला. म्हणाली, हवेत पाणी आहे. मी म्हटलं, अगं, पाणी दुधात असतं, हवेत कुठलं आलं? तिने टाकीखालची चावी फिरवली आणि तांब्याभर गढूळ पाणी माझ्या पायावर ओतलं. हे ती शब्दानेही सांगू शकली असती. काळ्या काचेच्या शिरस्त्राणावरूनही असंच. मी सांगितलं की तीस वर्षं मी एक डोळा मिटून काम करतोय, मला काही झालं नाही. तिने विचारलं, कुठला डोळा मिटत नव्हता? मी उजवा दाखवला. तर डावा झाकायला लावून, उजव्याने मशीनवरची पाटी वाचा म्हणाली. मी वाचली. चुकीची वाचली, पण अक्षर बारीक होतं. शेवटी माहितीपुस्तक. ते मला आणि आमच्या मिस्त्रींना तिने मोठ्याने वाचायला लावलं, आळीपाळीने, पान पान. (मिस्त्री म्हणजे माझ्याकडे वीस वर्षं वेल्डिंग करणारे, तुला आठवतील, पानाची पिंक टाकायला अर्धा तास बाहेर जाणारे.) वाळूची बादली भरली, आग विझवायचं नळकांडं टांगलं, धूर ओढायला पंखा बसवला. इथपर्यंत मी सगळं गिळलं. मामा आहे, मोठा आहे, पोटात घातलं.

पण जिन्याचं मी पोटात घालणार नाही. तुला आमचा जिना आठवत असेल: वर्कशॉपच्या मधून वर घरात जाणारा, लोखंडी, मी आणि मिस्त्रींनी पहिल्या वर्षी स्वतःच्या हाताने जोडलेला. वेल्डिंगला दोन वायरी असतात, एक हातातल्या होल्डरला आणि दुसरीचा चिमटा कामाच्या लोखंडाला लावायचा. आता रोज नवीन काम, रोज चिमटा कुठे लावत बसायचा? म्हणून आम्ही कामाचं टेबल एका पट्टीने जिन्याला जोडून टाकलं होतं आणि चिमटा कायमचा खालच्या पायरीला. सगळं लोखंड एकच, हा माझा सिद्धांत. अकरा वर्षं बिनबोभाट चाललं. एवढंच, की तुझी भावजय अधूनमधून म्हणायची, जिना चावतो. कठड्याला हात लावला की चावतो. मी हात लावून बघायचो, मला काही चावायचं नाही. (माझ्या पायात जाड बूट, हातात चामड्याचे मोजे. ती अनवाणी, भांडी घासून ओल्या हातांनी खाली यायची. हे मला तुझ्या लेकीने सांगितलं, आणि ज्या आवाजात सांगितलं तो मामाशी बोलायचा आवाज नव्हे.) मी डॉक्टर केले. त्यांनी नसांचं टॉनिक दिलं, तीन बाटल्या संपल्या. रबरी सपाता आणून दिल्या. आणखी काय करायचं माणसाने? पाहुणे आले की मी हसतहसत सांगायचो, आमच्या हिला जिना चावतो, जरा जपून चढा. सगळे हसायचे. गल्लीत लोक तिला विचारायचे, वहिनी, आज चावला का?

तुझ्या लेकीने मशीनचा चिमटा कुठे लावणार म्हणून विचारलं. मी अभिमानाने पायरी दाखवली. तिने मिस्त्रींना टेबलावर वेल्डिंग सुरू करायला सांगितलं आणि मीटरची एक सुई कठड्याला, एक फरशीला लावली. काटा बेचाळीस व्होल्टपर्यंत गेला. पट्टीचा जोड आतून गंजला होता, म्हणून टेबलाकडे जायचा तो करंट जिन्यात रेंगाळत होता. तुझी भावजय तेव्हा चहाचा ट्रे घेऊन वरून चौथ्या पायरीवर उभी होती. तुझी लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, 'मामी, जिना चावत होता. आणि मामा, हे नवीन मशीन या जिन्याला लावलं असतं ना, तर ते चावलं नसतं. त्यानं मामीला सोडलंच नसतं.' त्यावर आमचे मिस्त्री काय बोलले असतील? 'मालक, मी तर कधीच कठडा धरत नाही. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.' वीस वर्षांचं मीठ हे असं फळाला येतं!

मला वाटलं, तुझी भावजय आता ओरडेल. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं, माझी तयारी होती. तिने ट्रे पायरीवर ठेवला, 'म्हणजे माझं डोकं ठिकाणावर होतं तर,' असं काहीसं स्वतःशीच म्हणाली आणि कठड्याला न शिवता वर गेली. अर्ध्या तासाने तुझा गुडघा धरल्याचं कळलं.

आता तूच न्याय कर. एका मुलीने आठ दिवसांत माझा शर्ट उतरवला, माझा मिस्त्री फितवला आणि माझी बायको घालवली. तेव्हा तुझी लेक परत घेऊन जा आणि माझी बायको परत पाठव. वस्तू जिथल्या तिथे असाव्यात, हे तुझ्याच लेकीने भिंतीवर पाटीत लिहून लावलं आहे. भाऊजींना नमस्कार सांग. इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे मशीन ठीक आहे.

तुझा (अजूनही रागावलेला) भाऊ

ता.क. वरचं पत्र तुझ्या भावजयीला वाचून दाखवायचं झाल्यास टॉनिकपासून पुढचं वगळ. किंवा राहू दे, तेवढंच वाच. ताई, गल्लीतल्या लोकांना तिला हसायला मी शिकवलं. ती अकरा वर्षं खरं बोलत होती आणि मी तिला वेड्यात काढत होतो. मला लाज वाटते. हे मला तिच्यासमोर म्हणता येईल की नाही ठाऊक नाही, म्हणून लिहून ठेवतो.

ता.क. दुसरा. तुझ्या लेकीला एवढ्यात नेऊ नकोस. तिच्याशिवाय ते मशीन कुणाला कळत नाही, आणि जेवायला बसलं की समोर कुणी तरी असतं. शिवाय बायको परत पाठव असं वर लिहिलं खरं, पण सध्या पाठवलीस तरी तिला घरात जाता येणार नाही. नव्या मशीनवर पहिला कट मी जिन्याला मारला. चिमटा कापायच्या लोखंडालाच लावून, काळी काच, चामड्याचे मोजे, सुती सदरा, सगळं घालून, तुझी लेक पाठीशी उभी. चौदा पायऱ्या सुट्या करून अंगणात रचल्या. आता मी शिडीने वर जातो आणि बहुतेक वेळा जातच नाही. वर्कशॉपबाहेरून, मागच्या अंगणातून विटांचा जिना बांधायला काढला आहे. पाया झाला. गवंडी विचारतोय, पायरी किती उंच ठेवू? मी सांगणार होतो. मग वाटलं, जी दिवसातून वीस वेळा चढउतर करते तिला विचारावं. एवढं तिला विचार. कठडा हवा की नको, तेही.

ता.क. तिसरा. या पत्राला तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. हे पोस्टाने आलेलं नाही, ते देणारा माणूस तुमच्या गल्लीच्या तोंडाशी कपडे इस्त्री करतो, आणि मी सकाळच्या पहिल्या गाडीने येऊन त्याच्याच बाकावर बसलो आहे. गवंडीही बरोबर आहे, टेप घेऊन. त्याला दोन वाजता दुसरीकडे काम आहे, तो जाईल. मला कुठेच काम नाही. तिला सांग, मी बाहेर आहे. खाली यायला नको म्हणाली, तर एकदा खिडकीत येऊन आकडा तरी सांगू दे.