जुनिपरखालचा भात

३ डिसेंबर
सौदीतल्या खमीस मुशैत गावाच्या वर, डोंगरातल्या राखीव जंगलात ड्यूटी. पिकनिकच्या जागेतले दिवे बघायचे. धुकं एवढं की हातातला टेस्टर दिसत नाही. रूम पार्टनर कादिर म्हणाला, इथे संध्याकाळी कोणीतरी खोकतं, केरू. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.
बाबांचं वर्षश्राद्ध बावीसला. गेल्या साली अंत्यविधीला पोचलो नाही. यंदा पोचणारच. उद्या सुपरवायझर अदनानकडे सुट्टी मागतो.

५ डिसेंबर
अदनान घाईत होता. उद्या नक्की.
खोकला ऐकला. हुबेहूब बाबा, बिडी विझवल्यावर खोकायचे तसा. घाबरलो नाही. जरा लवकर झोपलो एवढंच.

८ डिसेंबर
इथे कावळे आहेत! जुनिपरच्या झाडाखाली पान वाढलं, फॉइलच्या ताटलीत वरणभात. कावळा फांदीवरून बघत बसला, शिवेना. म्हणजे बाबांची काहीतरी इच्छा राहिलीय. हात जोडून म्हटलं, बाबा, तंबाखू सोडतो. ढिम्म. धाकट्या पंकजशी भांडणार नाही. ढिम्म. शेवटी म्हटलं, बावीसला घरी येतो. दिवे बघून परत आलो तर ताटली साफ! डोळ्यांत पाणीच आलं.
तंबाखू उद्यापासून बंद.

१३ डिसेंबर
रोज वाढतो, रोज साफ. खोकला मात्र वाढलाय. आता छपरावरही चालतात. जिवंतपणी बाबा शिडीला घाबरायचे.
सुट्टीचं राहिलं. अदनानचा मूड नव्हता.

१७ डिसेंबर
कादिरने हाक मारली म्हणून धावलो. ताटलीभोवती माकडांची टोळी! मोठा नर भात खाता खाता खोकत होता. मागे अदनान उभा. ‘माकडांना खायला घालू नये’ या बोर्डावरचा दिवा मीच बसवलाय. अदनान म्हणाला, परत दिसलं तर खलास, पहिल्या विमानाने घरी पाठवीन. मी पाया पडून माफी मागितली.
सुट्टीचं बोलायची ही वेळ नव्हती.

२२ डिसेंबर
पंकजचा फोन. म्हटलं, काय करू, हे लोक सुट्टीच देत नाहीत रे. मग हळूच विचारलं, कावळा अडून बसला असेल ना, माझ्यासाठी?
पंकज म्हणाला, नाही दादा, पान ठेवल्या ठेवल्या शिवला.
बरं झालं. सुटले बाबा. पण फार वाईट वाटलं.
बाहेर खोकतंय. माकडच आहे, माहीत आहे मला. तरी दार उघडून म्हटलं, बाबा, आत या, थंडी आहे. धुकं तेवढं आत आलं. दार लावलं आणि तंबाखू मळली.