तुह्या बसून झोपण्याचं नाव

माय, माह्या लिहिण्यात चुका निघतील, त्या पोटात घाल. शाळा नववीतच सुटली, अन् टायपिंग पण दोन बोटांनी, अक्षर हुडकत हुडकत करते. डॉक्टर मॅडम जेवायला घरी गेल्यात म्हणून आपल्या गावच्या दवाखान्यातल्या कम्प्युटरवर लिहून राह्यले. हो, मी दवाखान्यात कामाला लागले. तू आशाताई म्हणून पिशवी घेऊन ज्या खोलीत यायची, तीच खोली. टेबल तेवढं खिडकीकडं सरकवलंय. तू गेलीस तवा मी दहा वर्षाची व्हते, आता अठरा पुरे झाले. बोलायला मी अजून तशीच हाये, कोणी मोठ्यानं इचारलं की मान खाली घालते. पण इथं मला बोलायचं काम कमी. लोक दुखणं सांगतेत अन् मी निवडते.

काय निवडते ते सांगते. आता एकेका माणसाची आरोग्याची माहिती कम्प्युटरमधी भरून राह्यलेत, पुऱ्या देशात. माणसानं जे सांगितलं ते आपल्या मनानं लिहायचं न्हाई. आत एक लांबलचक यादी हाये, इंग्रजी नाव अन् खाली बारीक अक्षरात मराठी, त्यातलंच घ्यायचं. एका नावाला एक नंबर. मंग आपल्या माणसाचा कागद नागपूरच्या डॉक्टरनं उघडला तरी त्याला बराबर तेच कळतं. परवा आपल्या गल्लीतली म्हातारी आली, जिच्या गुडघ्याला तू तेल चोळून द्यायची ती. म्हणली, "पोटात गोळा फिरून राह्यला. सकाळी इकडं, दुपारी तिकडं. लिही." मी यादीत गोळा हुडकत बसले. मॅडम म्हणल्या, "गोळा नाही सापडायचा. पोटदुखी घे, मधून मधून येणारी. आजी, उलटी होते का?" म्हातारी म्हणली, "उलटी न्हाई, पण गोळा लिहा ना." मॅडम म्हणल्या, "दिल्लीच्या डॉक्टरला गोळा कळणार नाही, आजी." "तो कामून पाहिजे? तो येणार हाये का माहं पोट दाबायला?" मॅडमच हसत सुटल्या. मी पण हसले, ओढणी तोंडावर धरून. जाताना म्हातारी माह्या डोक्याला हात लावून म्हणली, "तुही माय लिहायची बघ गोळा."

लिहायचीच तू. तुही वही मी घरच्या डब्यातून काढून इथं आणली. "उजव्या कुशीत चमक, भाकर थापायला बसली की जास्त." "डोकं दुखतं, नवरा घरी असला की." मॅडमनं पुरी वही वाचली. म्हणल्या, किती बारीक ऐकायची तुझी आई, पण ही चमक कशाची ते फक्त तिलाच माहीत होतं, आता कोणाला विचारायचं? मला राग आल्ता. मंग वाटलं, खरं हाये. त्या वहीत आपल्या घराचं पण पान हाये. आबाचा खोकला, माहे जंत, माह्या पाठच्या लहान्याच्या लसी. अन् तुह्या नावापुढं, तुह्याच अक्षरात: काही न्हाई.

मागच्या आठवड्यात शेतातल्या वस्तीवरची एक बाई आली. मॅडमनं इचारलं, "आडवं पडल्यावर दम लागतो का?" ती म्हणली, "लागतो ना. म्हणून तर मी भिंतीला टेकून बसूनच झोपते." मॅडम मला म्हणल्या, "घे. आडवं पडल्यावर लागणारा दम. हे हृदयाचं असू शकतं." मी दोनच अक्षरं दाबली तर ते नाव खाली आलं, नंबरासकट. माय, ते मी दोनदा वाचलं. कारण ती तू व्हती. दुपारी तू घरोघर फिरून येते, पिशवी खुंटीला लावते, अन् ज्वारीच्या पोत्याला टेकून बसते. पाठीमागं घडी केलेली गोधडी. पाय लांब करते अन् बसल्या बसल्या डोळे मिटते. मी तुह्या मांडीवर डोकं टाकते. तुह्या अंगाला दवाखान्याच्या फिनेलचा वास येतो. तुहे पाय फुगलेले असतेत, त्याच्यात बोट दाबलं की खड्डा पडतो, मी एका लायनीत पाच खड्डे पाडते अन् ते भरायची वाट पाहते. तू डोळे न उघडता म्हणते, "झालं का तुहं विहिरी खंदणं? झोप आता गपचिप." मला वाटायचं, दुसऱ्या बाया आडव्या झोपतेत, माही माय बसून झोपती, माह्यासाठी.

तुह्या संग जुन्या जालन्यात गेल्ते ते पण आता वेगळंच दिसतं. तुही ट्रेनिंग व्हती अन् संपल्यावर तू मला फ्रॉकचं पिवळं कापड घेतलं. दुकान वरच्या मजल्यावर. तू चौथ्या पायरीवर बसली, मंग आठव्या. दुकानदारानं वरूनच हाक मारली, "ओ ताई, पायऱ्या मोजून राह्यल्या का?" तू हसली, मला म्हणली, "तू व्हय पुढं, रंग तू पसंत कर." मला किती मोठं झाल्यासारखं वाटलं. तुला दम घ्यायचा व्हता अन् मला वाटलं, तू मला मान दिला.

बुधवारी मॅडमनं आपल्या घराची माहिती भरायला सांगितली. आईला काय झालं होतं, असा एक रकाना हाये. आबा इतकी वर्षं सगळ्यांना एकच सांगतेत, बायको थकली व्हती बिचारी. छातीचं लिहिलं तर घरातल्या पोरांची पण छाती तपासतेत, मला माहीत व्हतं. लहान्या कबड्डीत तालुक्याला निवडला गेला, त्याचं खेळणं थांबंल. मी अशक्तपणा निवडला अन् पान बंद केलं. संध्याकाळी तो खेळून आला अन् दारात गुडघ्यावर हात ठेवून दम घेऊन राह्यला. सगळेच घेतेत खेळून आल्यावर. पण मी त्याची भाकर वाढायची सोडून त्याच्या छातीकडंच पाहत बसले. तो म्हणला, "काय पाहती भुतावानी? कोरड्यास वाढ."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमपुढं जाऊन उभी राह्यले. त्या म्हणल्या, "काय गं, पगार पाहिजे का?" मंग म्हणलं, "मॅडम, माही माय बसून झोपायची." त्यांनी खुर्ची ओढली अन् मला बसवलं. पाय सुजायचे का, खड्डा पडायचा का, पायऱ्या चढताना? एकेका सवालाला मला जवाब येत व्हता. मी कधीच कोणासमोर इतकं बोलले न्हाई. मॅडमनं माही बुधवारची नोंद खोडली. हृदयाचं नाव घेतलं, पुढं संशयित असं पण टाकलं, अन् म्हणल्या, दोघं भावंडं सोमवारी जालन्याला जाऊन छातीची सोनोग्राफी करा. लहान्या घरी लई भांडला, "मला काय झालंय? डोक्याची सोनोग्राफी तुही करा." आबानं मॅडमची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. मंग म्हणले, "मी येतो संग." आता सोमवारी जायचं हाये.

माय, मला सारखं वाटतं, ती झोप फक्त तुही न्हवती. इतके लोक तसे झोपतेत की तिला नाव पडलंय. ते नाव मला आठ वर्षं उशिरा भेटलं. पण एक गोष्ट मी मॅडमला खोटी सांगितली. त्यांनी इचारलं, "तेव्हा कोणी विचारलंच नाही का गं तिला?" मी न्हाई म्हणलं. इचारलं व्हतं. त्या टायमाच्या सिस्टर घरी आल्त्या, तू म्हणली जरा थकवा हाये, अन् त्या माह्याकडं वळल्या, "आई नीट झोपती का?" मी मान हलवली, हो. लाजून न्हाई, माय. मला वाटलं, खरं सांगितलं तर त्या तुला आडवं झोपवतील, मंग मला मांडी भेटायची न्हाई.

मॅडमची गाडी आली. हे मिटवून टाकते आता, इथं ठेवता येत न्हाई. आपली भुरी शेळी व्याली काल. दोन पिल्लं हायेत, एकाचे कान बिलकुल पांढरे.